यवतेश्वरचा उतार

साताऱ्याच्या घाटातली धावण्याची शर्यत रविवारी झाली आणि पाय खऱ्या अर्थाने दुखू लागले ते मंगळवारी. रविवारी संध्याकाळी मी घरात व्यवस्थित चालत होते, सोमवारी मांड्या जड वाटत होत्या, आणि मंगळवारी दुसऱ्या मजल्यावरचा नववीचा तास संपवून खाली निघाले तेव्हा पहिल्याच पायरीवर उजवा गुडघा असा लटपटला की कठड्याला धरून मला तिथेच थांबावे लागले. तासाला येताना हाच जिना मी फारसा त्रास न होता चढले होते. शेवटी हजेरीपट काखेत धरून, दोन्ही हातांनी कठडा पकडून, पाठमोरी होऊन मी एकेक पायरी उतरू लागले. मधल्या सुट्टीची घंटा होऊन गेली होती आणि वर मुलींची रांग काही न बोलता उभी होती. त्यांच्यातली एक पुढे आली, तिने माझ्या काखेतला हजेरीपट अलगद काढून घेतला आणि माझ्या बरोबरीने एकेक पायरी उतरत खालपर्यंत आली.

चढता येते आणि उतरता येत नाही, याचा अर्थ त्या दिवशी मला लागला नाही. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, स्नायूंचे आकुंचन आणि शिथिलीकरण दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. तरीही आपण सोळा आठवडे ज्या शर्यतीची तयारी केली तिचा निम्मा भाग तयारीतून पूर्णपणे सुटला होता, हे कळायला मला तो जिना उतरावा लागला. हौशी धावपटूंसाठी सराव कसा करावा हे सांगणारे पुष्कळ जण आहेत. मला इथे फक्त उताराबद्दल आणि शर्यतीनंतरच्या तीन आठवड्यांबद्दल लिहायचे आहे, कारण पहिल्या वर्षी आम्हाला या दोन गोष्टी कोणी सांगितल्या नव्हत्या आणि आम्हीही त्या विचारल्या नव्हत्या.

आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी नणंद. मी पंचेचाळीस वर्षांची, ती अडतीस. ती सरकारी कचेरीत नोकरी करते आणि आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. सातारची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते आहे आणि दरवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस, बहुधा सप्टेंबरात, सगळे शहर पहाटे रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहते. आम्हीही कित्येक वर्षे तशाच टाळ्या वाजवायला उभ्या राहात होतो. "वहिनी, पुढच्या वर्षी आपण या बाजूला उभं राहायचं नाही," असे ती एकदा म्हणाली, आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही शाहू क्रीडा संकुलाच्या मैदानावर तीन मिनिटे धावणे आणि दोन मिनिटे चालणे या हिशेबाने सुरुवात केली.

ज्यांनी हा मार्ग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. हाफ मॅरेथॉनचे अंतर २१.०९७५ किलोमीटर. आमच्या इथे शहरातून निघायचे, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा, पठारावर पोहोचल्यावर कासच्या रस्त्याने पुढे जायचे आणि निम्मे अंतर झाले की वळून त्याच रस्त्याने खाली शहरात परत यायचे. सपाट रस्त्याच्या शर्यतीत शेवटचे पाच किलोमीटर कठीण जातात असे म्हणतात. इथे पहिला निम्मा भाग श्वासाची परीक्षा घेतो आणि दुसरा निम्मा भाग मांड्यांची. मात्र भीती सगळ्यांना पहिल्या भागाचीच वाटते. ओळखीच्या ज्या ज्या धावणाऱ्यांना आम्ही विचारले त्यांनी घाट कसा चढावा हे सांगितले आणि "नंतर काय, उतारच आहे" असे म्हणून विषय संपवला.

त्यात आमच्या घरच्या एका जुन्या रिवाजाची भर पडली. माझे यजमान दर रविवारी सकाळी गाडीने यवतेश्वराच्या दर्शनाला जातात. आम्ही दोघी पहाटे साडेपाचला समर्थ मंदिरापासून घाट चढायला लागायचो, देवळापाशी पोहोचायचो, दर्शन घ्यायचो आणि त्यांच्याच गाडीत बसून खाली यायचो. पुढे अंतर वाढवायची वेळ आली तेव्हा कासच्या रस्त्याने चार-पाच किलोमीटर पुढे जाऊन पुन्हा देवळाकडे परतायचो. पठारावरचा तो रस्ता थोडा वर, थोडा खाली असा आहे, त्यामुळे दोन्ही प्रकार होत आहेत असे आम्हाला वाटत राहिले. चौदा रविवार आम्ही घाट चढलो आणि चौदा रविवार तोच घाट गाडीत बसून, घाम पुसत, डब्यातले पोहे खात उतरलो. शर्यतीच्या दिवशी तो घाट पायांनी उतरण्याची आमची पहिलीच वेळ होती.

त्या दिवशी पाऊस बारीक होता आणि घाटात धुके इतके दाट होते की पुढच्या वळणावरचा ढोल-ताशा आधी ऐकू यायचा आणि वाजवणारे नंतर दिसायचे. चढ आम्ही ठरवल्याप्रमाणे काढला, तीव्र भागात चालून आणि सौम्य भागात धावून, आणि परतीच्या वळणापर्यंत मला एक तास तीस मिनिटे लागली. वळल्यावर मला जो आनंद झाला तो मी विसरू शकत नाही. श्वास मोकळा झाला होता, पाय आपोआप पडत होते, लहान मुलांसारख्या आम्ही घाटाने खाली सुटलो होतो. परतीचे पहिले पाच किलोमीटर मी एकोणतीस मिनिटांत धावले. एवढा वेग मी सपाटीवरही कधी गाठला नव्हता. मग समर्थ मंदिर जवळ येता येता मांड्यांमध्ये थरथर सुरू झाली. दम लागलेला नव्हता, पोट ठीक होते, पण पाऊल टाकले की गुडघ्याच्या वरचा भाग वजन पेलायला नकार देत होता. उरलेल्या साडेपाच किलोमीटरना बेचाळीस मिनिटे लागली. दोन तास एकेचाळीस मिनिटांनी मी रेषा ओलांडली. नणंद माझ्या मागून बारा मिनिटांनी आली, आणि ती लंगडत होती.

मांडीच्या पुढच्या भागात चार स्नायूंचा जो मोठा गट असतो तो चढताना आखडत जातो आणि शरीर वर ढकलतो. उतरताना त्याच गटाला उलटे काम करावे लागते. प्रत्येक पावलाला शरीराचे वजन खाली पडत असते, गुडघा वाकत असतो, आणि तो एकदम वाकू नये म्हणून हे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावून धरतात. वर्गात मी आता याला कळशीचे उदाहरण देते. भरलेली कळशी ओट्यावर उचलून ठेवताना दंड आखडतो. तीच कळशी आवाज न होता हळूहळू जमिनीवर ठेवायची असेल तर दंड लांब होत जातो, पण त्याने भार सोडलेला नसतो. ताणले जात असताना भार धरणे श्वासाला सोपे असते, कारण त्याला प्राणवायू कमी लागतो. स्नायूच्या तंतूंना मात्र ते जास्त महाग पडते, कारण त्यात तंतूंची सूक्ष्म मोडतोड होते. म्हणूनच उतारावर आपल्याला बरे वाटत असते आणि नुकसान त्याच वेळी होत असते. मोडतोडीनंतर सूज येते, दुरुस्ती सुरू होते, आणि वेदना चोवीस ते बहात्तर तासांच्या दरम्यान शिगेला पोहोचते. माझा मंगळवार त्यातच येत होता. दोन दिवसांनी पाय दुखतात ते लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे, असे आजही पुष्कळ जण खात्रीने सांगतात आणि मीही ते मुलांना सांगत आले होते. प्रत्यक्षात धावताना वाढलेले लॅक्टेट धावणे थांबल्यावर साधारण तासाभरात पूर्वपातळीवर येते. त्यामुळे ते "काढून टाकण्यासाठी" सोमवारी पाय रगडून घेण्याला काही आधार नाही. आमच्या सासूबाईंच्या ओळखीच्या एक बाई मालिश करतात. त्यांनी प्रेमाने, पण अंगठ्याचा पूर्ण जोर लावून माझ्या मांड्या चोळल्या आणि रात्री मला कुशीवर वळता येईना. हलका हात चालतो, पण सुजलेल्या स्नायूवर पहिले दोन-तीन दिवस जोर लावू नये, असे माझे त्यानंतरचे पक्के मत आहे.

पहिल्या वर्षी शर्यतीनंतर आम्ही ज्या चुका केल्या त्यांतल्या बहुतेक चुका घरातल्या सवयींतून आलेल्या होत्या. शर्यत श्रावणाच्या अखेरीस आली होती. दुसऱ्या दिवशी श्रावणातला शेवटचा सोमवार, आणि नणंदेचा उपवास. तिने सकाळी चहा घेतला, दुपारी थोडी साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि संध्याकाळी उपवास सोडला. सरावाच्या काळातही हेच चालले होते, कारण लांब पल्ल्याचे धावणे रविवारी आणि उपवास सोमवारी. स्नायूंमध्ये साठवलेली शर्करा, म्हणजे ग्लायकोजेन, दीड-दोन तासांच्या जोरदार धावण्यात बरीचशी संपते आणि ती पुन्हा भरायला पोटभर कर्बोदके मिळाली तरी एक दिवस किंवा त्याहून अधिक लागतो. स्नायूंना इजा झालेली असेल तर ती आणखी सावकाश भरते. नणंद नेमकी त्याच दिवशी पोट रिकामे ठेवत होती आणि मंगळवारी सकाळी पाय उचलत नाहीत म्हणून स्वतःला बोल लावत होती.

माझी चूक वेगळी होती. शुक्रवारी मांड्यांचे दुखणे पूर्ण थांबले, तेव्हा बरे झाले असे समजून मी सात किलोमीटर धावले. दुसऱ्या दिवशी गणपती आले, दोन दिवस ओट्यापाशी उभे राहून गेले आणि त्यानंतर डावी पोटरी अशी धरली की तीन आठवडे धावणे बंद ठेवावे लागले. दुखणे थांबणे आणि दुरुस्ती पूर्ण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेदना चार-पाच दिवसांत जाते, पण स्नायूची ताकद परत यायला त्याहून जास्त दिवस लागतात. मधल्या काळात थकलेल्या मांडीचे काम पोटरी, घोटा आणि कंबर आपल्यावर घेतात आणि मग त्यांतले कोणीतरी धरते. आपल्याच जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या, हे आमच्या शाळेतल्या मुलींना पाठ आहे, आणि त्यांच्यामुळेच कित्येक मुली सकाळी मैदानावर दिसतात. मोठ्या खेळाडूंची विश्रांती सरावाच्या वेळापत्रकातच लिहिलेली असते. आमच्यासारख्यांची विश्रांती कुठेच लिहिलेली नसते. ती घरातल्या माणसांकडून, वरिष्ठांकडून आणि सगळ्यात आधी स्वतःकडून मागून घ्यावी लागते. पदक गळ्यात घालून आलेल्या बाईने सोमवारी डबे करू नयेत असे कोणाच्या मनातही येत नाही, तिच्या स्वतःच्याही नाही.

नणंदेच्या गुडघ्याची गोष्ट मात्र मला आजही लागते, कारण ती टाळता आली असती. जुलैपासून तिच्या उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टोचल्यासारखे दुखत होते. सपाटीवर पाच-सहा किलोमीटरनंतर सुरू व्हायचे, थांबले की जायचे, आणि जिना उतरताना पुन्हा जाणवायचे. तिने मला ते सांगितले नव्हते. शर्यतीच्या दिवशी पहाटे तिने एक वेदनाशामक गोळी घेतली आणि वर पोहोचेपर्यंत तिला काही जाणवले नाही. घाट उतरताना गोळीने दडपलेली वेदना एकदम वर आली, तरीही ती तशीच धावत आली. मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारा जो जाड पट्टा असतो, ज्याला धावणारे आयटी बँड म्हणतात, त्याचे ते दुखणे होते, आणि उतार हा या दुखण्याचा सगळ्यात मोठा शत्रू. फिजिओथेरपी करणाऱ्या डॉक्टरांनी सहा आठवडे धावणे बंद करायला सांगितले आणि मूळ दुखणे कमरेच्या बाजूच्या स्नायूंच्या कमजोरीत आहे हे दाखवून दिले. एका पायावर उभे राहून किंचित गुडघा वाकवायला सांगितल्यावर तिचे ढुंगण एका बाजूला कलत होते आणि गुडघा आत वळत होता. ते मला उघड्या डोळ्यांनी दिसले. डॉक्टर आणखी एक गोष्ट म्हणाले, ती सर्वांनी लक्षात ठेवावी. लांब धावताना शरीरातले पाणी कमी झालेले असते आणि अशा वेळी तिने घेतली त्या गटातल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. शिवाय ज्या वेदनेने आपल्याला थांबवायचे असते तिलाच त्या गप्प करतात. परतताना गाडीत ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहात होती. मग म्हणाली, "वहिनी, मी सांगितलं असतं तर तुम्ही मला थांबवलं असतं, म्हणून नाही सांगितलं." मी तिचा हात हातात घेतला. तिने सांगावे असे वातावरण मी ठेवले नव्हते, रोज फक्त किलोमीटरचीच चौकशी करत होते, हे मला त्या क्षणी उमगले.

पोटरी बरी झाल्यावरही माझा थकवा गेला नाही. सकाळी उठल्यावर नाडीचे ठोके नेहमी चौपन्नच्या आसपास असायचे ते बासष्टपर्यंत गेले होते, झोप तुटत होती, वर्गात उभे राहिल्यावर कंटाळा येत होता. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन १०.४ निघाले, आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही फार कमी. गर्भवती नसलेल्या स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. म्हणजे धावायला सुरुवात करणाऱ्या दर दोन बायकांपैकी एक रक्त कमी असतानाच बूट घालत असण्याची शक्यता आहे, आणि धाप लागते ती आपल्याला सराव नाही म्हणून, असे समजून ती स्वतःला आणखी ताणत असते. डॉक्टरांनी तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या जेवणानंतरच्या चहाबरोबर घेऊ नका असे बजावले, लिंबू वाढवायला सांगितले. तीन महिन्यांनी आकडा १२.३ झाला आणि समर्थ मंदिराचा चढ माझ्यासाठी दुसराच रस्ता झाला. धावायला लागण्यापूर्वी पैसे बुटांवर खर्च करण्याआधी रक्ताच्या तपासणीवर करावेत, हे मी आता प्रत्येकीला सांगते.

दुसऱ्या वर्षी आम्ही उतारापासून सुरुवात केली. धावण्याच्याही आधी जिना आला. घराच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर एका पायावर उभे राहायचे आणि दुसऱ्या पायाची टाच जमिनीला अलगद टेकेपर्यंत तीन आकडे मोजत खाली जायचे. गुडघा आत वळू द्यायचा नाही, कंबर कलू द्यायची नाही. प्रत्येक पायावर दहा वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. नणंदेला पहिल्या दिवशी चारच वेळा जमले. मी तिच्या मागे उभी राहून कमरेवर नजर ठेवायचे आणि ती माझ्या मागे. मग अजिंक्यतारा आला. साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढणारी माणसे शेकड्यांनी आहेत. आम्ही तिथे चढण्यासाठी नव्हे तर उतरण्यासाठी जाऊ लागलो, चालत, पावले मोजत, खाली येताना न घसरता आणि न धावता.

घाटातला धावता उतार जूनमध्ये सुरू केला. समर्थ मंदिराच्या वरच्या बाजूला साधारण तीनशे मीटरचा तुकडा ठरवला आणि पहिल्या दिवशी तो फक्त चार वेळा उतरलो, वर जाताना चालत. तेवढ्यानेही तीन दिवस मांड्या दुखल्या. दहा दिवसांनी तोच तुकडा पाच वेळा उतरलो आणि दुखणे एका दिवसात गेले. स्नायू एकदा असा मार खाऊन दुरुस्त झाला की पुढच्या वेळी तशाच माराने त्याचे नुकसान कमी होते, आणि हे संरक्षण कित्येक आठवडे टिकते. हे आधी वाचले होते, पण स्वतःच्या मांडीत अनुभवल्यावर मला जो विस्मय वाटला तो फळ्यासमोर पंचवीस वर्षांत वाटला नव्हता. त्यामुळे उताराचा सराव फार करावा लागत नाही. आम्ही दहा दिवसांतून एकदा करत होतो, अंतर हळूहळू वाढवत नेले, आणि पूर्ण घाट शेवटचा उतरलो तो शर्यतीच्या तीन आठवडे आधी, म्हणजे झालेली मोडतोड भरून यायला पुरेसा अवधी राहील आणि संरक्षणही टिकून राहील.

पाऊल कसे टाकावे हेही शिकावे लागले. उतारावर माणूस आपोआप मागे रेलतो, पाय लांब टाकतो आणि टाचेने ब्रेक लावतो. प्रत्येक ब्रेक गुडघ्यात आणि मांडीत जातो. त्याऐवजी पावले छोटी आणि भरभर पडावीत, पाऊल शरीराच्या खाली पडावे, पुढे नव्हे, अंग घोट्यातून किंचित पुढे झुकलेले असावे आणि नजर दहा-बारा फुटांवर असावी. कानाने ओळखण्याची एक सोपी खूण आम्हाला सापडली. पावलांचा धप धप असा आवाज येत असेल तर आपण ब्रेक लावतो आहोत. आवाज बारीक आणि जलद असेल तर ठीक चालले आहे. धुक्यात नणंद दिसत नसली तरी तिच्या पावलांच्या आवाजावरून ती दमली आहे की नाही हे मला कळू लागले.

श्रावणी सोमवारांचा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. मी त्यांना भीत भीतच सांगितले की रविवारच्या धावण्यानंतर उपाशी राहणे तिला झेपत नाही. त्या म्हणाल्या, "मग उपाशी कशाला राहायचं? सकाळीच राजगिऱ्याच्या लाह्या दुधात घालून दे तिला. दुपारी रताळं उकड. केळी आहेत, दाण्याची आमटी आहे, वरीचा भात आहे. उपवासाचं घर आपलं, काय कमी आहे?" नणंदेने उपवास मोडला नाही आणि मंगळवारी तिचे पाय हलके राहू लागले. पावसाळ्यात सराव करणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी थोडक्यात सांगते. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे रात्रभर घालून ठेवले तर सकाळपर्यंत ते बरेच सुकतात. आणि पठारावर फुलांचा हंगाम सुरू झाला की कासच्या रस्त्यावर पहाटेपासून गाड्या वाढतात, तेव्हा चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट घालूनच आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशाच बाजूने धावावे.

दुसऱ्या शर्यतीत मी चढाला एक तास बत्तीस मिनिटे घेतली, मुद्दाम, आणि उतार एक तास सहा मिनिटांत उतरले. एकूण वेळ फक्त तीन मिनिटांनी सुधारली. त्या तीन मिनिटांचे मला फारसे वाटले नाही. समर्थ मंदिरापाशी, जिथे आदल्या वर्षी मांड्या थरथरल्या होत्या, तिथे मी नणंदेकडे पाहिले. ती माझ्या डाव्या हाताला होती, तिची पावले बारीक आवाजात पडत होती आणि ती दाणे विकणाऱ्या एका आजींना हात करत होती. रेषा आम्ही एकत्र ओलांडली.

त्यानंतरचे तीन आठवडे आम्ही सरावाइतकेच काळजीपूर्वक लिहून ठेवले होते, आणि तो कागद स्वयंपाकघरात, सगळ्यांना दिसेल असा लावला होता. रेषा ओलांडल्यावर बसायचे नाही, पंधरा मिनिटे चालायचे, मीठ-साखर-लिंबाचे सरबत घोट घोट, तहानेपुरते, कारण नुसते पाणी गरजेपेक्षा जास्त प्याल्याने रक्तातले सोडियम उतरण्याचा धोका असतो, तासाभराच्या आत मुगाची खिचडी, ताक आणि दोन उकडलेली अंडी, दुपारी झोप. सोमवारी आणि मंगळवारी वीस मिनिटे सपाटीवर चालणे, बुधवारी नाही, गुरुवारी पुन्हा चालणे, आणि दुखो वा न दुखो, आठ दिवस धावायचे नाही. नवव्या दिवशी क्रीडा संकुलावर चार किलोमीटर, बोलत बोलत. दुसऱ्या आठवड्यात नेहमीच्या निम्मे अंतर, तिसऱ्या आठवड्यापर्यंत घाट नाही, आणि उतार तर मुळीच नाही. सोमवारचे डबे माझ्या यजमानांनी केले. मी शाळेत मुख्याध्यापकांकडे आठवडाभर वरच्या मजल्यावरचे तास बदलून मागितले होते. त्यांनी ते लगेच दिले, आणि इतके साधे मागणे आदल्या वर्षी मला सुचलेही नव्हते याचे मला वाईट वाटले. मंगळवारी मधल्या सुट्टीत मी मुद्दाम दुसऱ्या मजल्यावर गेले आणि कठड्याला हात न लावता खाली उतरले. मांड्या दुखत होत्या, पण त्या मला धरून होत्या. हजेरीपट घेणारी ती मुलगी आता दहावीत आहे. ती जिन्याच्या तळाशी उभी होती आणि तिने काही विचारले नाही, फक्त हसली.

रविवारचा रिवाज अजून तोच आहे. माझे यजमान गाडीने यवतेश्वराला येतात, आम्ही धावत पोहोचतो, तिघे दर्शन घेतो. मग आमचे कोरडे टॉवेल आणि पोह्यांचा डबा मागच्या सीटवर ठेवून ते गाडी खाली नेतात. घाटाच्या दुसऱ्या वळणावर ते आम्हाला गाठतात, काच खाली करून "बरं आहे ना?" असे विचारतात, आम्ही हात करतो, आणि गाडी पुढच्या धुक्यात दिसेनाशी झाली की पुन्हा आमच्या पावलांचाच आवाज ऐकू येऊ लागतो.